लॅब्राडोर की कारवान : तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरासाठी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर आपली दोन खोल्या आणि दिवाणखान्याची सदनिका आहे. यजमान नोकरीसाठी सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बाहेर असतात. आपण संध्याकाळी चार ते सात घरीच शिकवण्या घेता आणि त्या वेळात दिवाणखान्यात बारा-पंधरा मुले बसलेली असतात. सासूबाई 67 वर्षांच्या असून त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि मुलगी चार वर्षांची. महिन्यातून एकदा-दोनदा सगळे माण तालुक्यातल्या शेतावर जाता. यजमानांच्या सहकाऱ्याकडे लॅब्राडोरची पिल्ले झाली असून त्यांतला सहा आठवड्यांचा पिवळा नर या रविवारी मिळण्यासारखा आहे, आणि जतच्या मामांनी कारवान या देशी शिकारी कुत्र्यांच्या जातीची दोन महिन्यांची एक मादी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. मुलांना लॅब्राडोर हवा आहे, यजमानांना कारवान. दोघांपैकी कोणते पिल्लू घ्यावे, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी देते, म्हणजे कारणे वाचताना आपण अधांतरी राहणार नाही. आपल्या घरासाठी जात लॅब्राडोर ही योग्य आहे. परंतु या रविवारी मिळणारे पिल्लू घेऊ नये. कारवानला मी नकार देते आहे तो सदनिकेमुळे नव्हे, आपल्या शिकवणीमुळे. आणि लॅब्राडोरला होकार देतानाही नराऐवजी मादी, पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांची मोठी, असा बदल सुचवते आहे, तो सासूबाईंच्या गुडघ्यामुळे. पशुवैद्यक म्हणून माझी पहिली आठ वर्षे जत आणि आटपाडीच्या बाजूला गेली आणि पुढची एकोणीस पुण्यात, त्यामुळे या दोन्ही जातींची कुत्री मी त्यांच्या मूळ कामात आणि त्या कामापासून तुटलेल्या अवस्थेतही पाहिली आहेत. माझे मत त्या पाहण्यातून आलेले आहे.

कुत्र्याची जात ठरवताना लोक बहुधा रंग, उंची, केस आणि किंमत विचारतात. मी आधी हे विचारते, की या प्राण्याला शेकडो पिढ्या कोणत्या कामासाठी निवडले गेले आणि ते काम करताना माणूस त्याच्यापासून किती अंतरावर उभा असे. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या होड्यांबरोबर काम करीत. थंडगार पाण्यात उडी मारून दोर आणि सुटलेली मासळी तोंडात धरून आणीत. तिथून ही कुत्री इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांकडे गेली. तिथे त्यांचे काम बदलले, पण स्वभाव तोच राहिला : बंदुकीचा आवाज होईपर्यंत मालकाच्या पायाशी बसून राहायचे, पडलेला पक्षी शोधायचा, दात न रुतवता तोंडात धरून आणायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने 1903 साली या जातीला मान्यता दिली. म्हणजे लॅब्राडोर हा माणसापासून हाताच्या अंतरावर काम करणारा, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत पुढच्या हुकमाची वाट पाहणारा प्राणी आहे. आपल्या घरात तो चपला, मोजे, मुलांच्या वह्या तोंडात धरून फिरेल, तेव्हा तो खोडी काढत नसतो. तोंडात काहीतरी धरून माणसाकडे नेणे हाच त्याचा पिढीजात धंदा आहे.

कारवानचे नेमके उलट आहे. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आणि मध्य आशियाकडून दख्खनमध्ये आलेला म्हणून कारवान, असे या नावाबद्दल सांगितले जाते. लांब केसांच्या झालरी असलेल्या प्रकाराला आपल्याकडे पश्मी म्हणतात. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, आणि तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नावही रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी मात्र ही जात कॅरव्हान हाउंड या नावानेच आहे. 2005 साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांच्या चार तिकिटांत हिला स्थान दिले आणि 2016 पासून मेरठच्या लष्करी केंद्रात या कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, हे यजमानांनी आपल्याला सांगितलेच असेल. कारवानचे चाहते ते सांगितल्यावाचून राहत नाहीत. पण घरात आणताना मोलाची गोष्ट वेगळी आहे. हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. माळावर दूर ससा हलला की निर्णय त्याने स्वतः घ्यायचा आणि धावत सुटायचे. मालक कुठेतरी मागे, कधी अर्धा मैल मागे. हुकमाची वाट पाहत थांबला असता तर ससा केव्हाच पसार झाला असता. म्हणून जो थांबत नव्हता त्याचीच वीण पुढे वाढवली गेली. आपण हाक मारल्यावर कारवान एकदा मान वळवून पाहतो आणि पुन्हा पुढे बघू लागतो, याला लोक हट्टीपणा म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. त्याने आपली हाक ऐकली, तिचा विचार केला आणि ती या क्षणी कामाची नाही असे ठरवले, इतकेच.

आता सदनिकेचा मुद्दा. कारवान म्हणजे रानात धावणारा, त्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडणे हा अन्याय, आणि लॅब्राडोर म्हणजे घरात मावणारा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे. पूर्ण वाढलेला कारवान सकाळ-संध्याकाळ नीट चालवला आणि आठवड्यातून दोन-तीनदा कुंपणाच्या आत मोकळा धावू दिला, तर उरलेला दिवस तो सतरंजीवर मुटकुळे करून झोपतो. तो उगाच भुंकत नाही, लाळ गाळत नाही, त्याच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, आणि बारीक केस गळाले तरी घरभर दिसत नाहीत. त्याच्या कोपरांवर चरबीची गादी नसल्यामुळे नुसत्या फरशीवर झोपून तिथे घट्टे पडतात आणि ते पुढे चिघळतात, म्हणून त्याला जाड अंथरूण लागते. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे अंगावर एखादा जाडसर कपडाही लागतो. याउलट लॅब्राडोर पहिली दोन वर्षे घरात वादळासारखा वावरतो. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ आणि बाहेरचा पाणी न शिरू देणारा, आणि त्यातले केस बारा महिने गळतात. पावसाळ्यात आपल्या घरातली हवा आणि भिंतीसुद्धा ओल्या लॅब्राडोरच्या वासाने भरून जातील. हे वास्तव आपल्याला आधी ठाऊक असावे. सोसायटीतल्या लोकांच्या नाराजीबद्दल आपण लिहिले आहे. त्याबाबत एवढेच सांगते, की कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, मात्र घाण उचलणे, पट्टा बांधून नेणे आणि महानगरपालिकेचा परवाना काढणे हे आपले काम आहे.

तेव्हा घराच्या आतल्या भागात कारवानच सरस ठरतो. त्याची अडचण दारापासून पुढे सुरू होते. मोकळे सोडलेले मांजर, पळती दुचाकी, रस्त्यापलीकडे उडालेली प्लास्टिकची पिशवी, यांतले काहीही त्याच्या नजरेत भरले की तो गेला; आणि एकदा तो धावत सुटल्यावर पुण्याच्या रस्त्यावर आपली हाक त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी गाडी पोहोचते. या जातीची जी कुत्री मी शहरात अकाली गमावली, त्यांतली बहुतेक आजाराने गेलेली नाहीत. त्याचे डोके अरुंद आणि मान लांब असल्यामुळे नेहमीचा गळपट्टा त्याच्या डोक्यावरून सहज निसटतो, म्हणून ओढ पडली की आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो. शिकवणीच्या वेळात आपल्या घराचे दार किती वेळा उघडते, हे एकदा मोजून पाहा. बारा-पंधरा मुले येताना आणि जाताना, मध्येच एखाद्याचे पालक विचारपूस करायला, कोणीतरी विसरलेली वही घ्यायला परत आलेले. प्रत्येक वेळी दार उघडे राहणार नाही याची हमी दहा वर्षांच्या मुलांच्या भरवशावर कोणी देऊ शकत नाही.

शिकवणीचा दुसरा आणि माझ्या मते निर्णायक भाग म्हणजे परक्यांचे हात. कारवान आपल्या माणसांना जीव लावतो, पण तो मोजक्याच माणसांना आपले मानतो आणि अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही. माझ्या तपासणीच्या टेबलावर आलेला कारवान क्वचितच चावायला येतो. तो अंग आक्रसतो, नजर दुसरीकडे वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो. ही त्याची विनंती असते. ती समजणारा माणूस हात मागे घेतो. पण शिकवणीला आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ती कशी समजणार? तो आपला लाडाने गळ्यात हात टाकणार, झोपलेल्या कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेणार. विनंती तीनदा करून कोणी ऐकले नाही तर कोणताही कुत्रा चौथ्यांदा दात दाखवतो, आणि चेहऱ्याच्या उंचीवर असलेल्या मुलाच्या बाबतीत त्याचा परिणाम काय होतो हे मी टाके घालणाऱ्या डॉक्टर मैत्रिणीकडून ऐकत आले आहे. मग दोष कुत्र्याला लागतो. ‘कुत्र्याला शिकवणीच्या वेळी आतल्या खोलीत ठेवू’ असे आपण म्हणाल. रोज तीन तास, वर्षभर, आणि त्या खोलीत सासूबाईंची ये-जा असताना? पहिला महिना हे पाळले जाते.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, नाहीतर कारवानवर अन्याय होईल. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जग ओळखण्याचा असतो. त्या काळात त्याने जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू धास्तीशिवाय अनुभवल्या, त्या पुढे त्याला परक्या वाटत नाहीत. जतच्या वस्तीवर वाढणारे पिल्लू या काळात मामांच्या घरची चार-पाच माणसे, गडी आणि शेरडे-मेंढरे एवढेच पाहते, म्हणून मोठेपणी ते बुजरे होते. शहरात याच वयात रोज नव्या माणसांना, हळूहळू आणि त्याच्या कलाने, भेटवलेली कारवान पिल्ले मी पाहिली आहेत आणि ती कितीतरी मोकळी झाली आहेत. परंतु कितीतरी मोकळा कारवान म्हणजे रोज पंधरा मुलांचे हात आनंदाने सोसणारा कारवान नव्हे. तो लॅब्राडोर होत नाही, आणि व्हावा अशी अपेक्षाही करू नये.

लॅब्राडोरला तेच पंधरा हात म्हणजे सण असतो. पण हा सण कधीकधी माणसाला आडवा करतो, आणि इथे सासूबाईंचा विचार येतो. दिवसाचे जवळजवळ सर्व तास कुत्रा त्यांच्या सोबतीला असणार आहे. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर नर 29 ते 36 किलोचा असतो, मादी 25 ते 32 किलोची. आठ-नऊ महिन्यांचा नर शरीराने जवळजवळ पूर्ण आणि बुद्धीने अजून पोर असतो. दाराची घंटा वाजली की तो कोणाच्या पायांमधून जातोय याचे भान त्याला नसते. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर उभी असलेली 67 वर्षांची बाई, गुळगुळीत फरशी आणि तीस किलोचा आनंद, हे गणित मला अजिबात आवडत नाही. पट्टा हातात धरून त्याला खाली नेण्याचे काम तर त्यांच्याकडे मुळीच देता येणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात आजींचे मनगट असेच मोडले. त्या पट्ट्याचा फास मनगटाला गुंडाळून उभ्या होत्या आणि समोर मांजर आले. कुत्रा अतिशय गुणी होता आणि पुढेही राहिला. म्हणूनच मी दोन-तीन वर्षांची मादी म्हणते. त्या वयाला वादळ ओसरलेले असते, तिचा स्वभाव काय आहे हे अंदाजावर न ठेवता प्रत्यक्ष पाहून ठरवता येते, तिला शी-शू बाहेर करण्याची सवय असते, आणि आपल्या चार वर्षांच्या मुलीचे हात सुईसारख्या दुधाच्या दातांपासून वाचतात. घर बदलल्यामुळे, परदेशी जावे लागल्यामुळे किंवा हौस फिटल्यामुळे सोडलेल्या मोठ्या लॅब्राडोर माद्या शहरातल्या प्राणिसेवी संस्थांकडे आणि आमच्यासारख्या दवाखान्यांच्या माहितीत नेहमी असतात. मोठा कुत्रा जीव लावत नाही, ही समजूत मनातून काढून टाका. लॅब्राडोर तर जेवणाच्या तिसऱ्या वेळेपर्यंत आपला होतो.

जेवणाविषयी मात्र मला थांबून बोलले पाहिजे, कारण मराठी घरात लॅब्राडोरचा खरा शत्रू तिथे असतो. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले, की साधारण एक चतुर्थांश लॅब्राडोरांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट मिळत नाही. पुढे 2024 साली असेही दिसून आले, की असे कुत्रे विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही सुमारे एक चतुर्थांश कमी जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. गंमत अशी, की अंधांना वाट दाखवण्यासाठी निवडलेल्या लॅब्राडोरांत हा दोष बाकीच्यांपेक्षा पुष्कळ अधिक आढळला. खाऊसाठी जीव टाकणारे कुत्रे शिकवायला सोपे जातात, हे त्याचे संभाव्य कारण. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बसून केविलवाण्या डोळ्यांनी पाहणारा लॅब्राडोर नाटक करीत नसतो. त्याला खरोखर भूक लागलेली असते, आणि तरीही आपण द्यायचे नसते. अमेरिकेत 48 लॅब्राडोरांवर जन्मापासून मृत्यूपर्यंत एक अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा एक चतुर्थांश कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुष्य 13 वर्षे भरले आणि जास्त खाणाऱ्यांचे 11.2 वर्षे, सांधेदुखीची औषधेही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. माझ्या हातातल्या कोणत्याही औषधाने कुत्र्याला पावणेदोन वर्षे जास्त आयुष्य मिळत नाही.

माझ्याकडे एकदा 46 किलोचा लॅब्राडोर आला. घरचे शपथेवर सांगत होते, की तो दोन वेळा एकेक वाटी खातो. मी त्यांना एक रिकामा डबा दिला आणि सांगितले, की आठवडाभर कुत्र्याला जो काही घास द्याल तसाच दुसरा घास या डब्यात टाका. चौथ्या दिवशी डबा पुरेना. आजोबांची चहाबरोबरची बिस्किटे, सुनेने पहिली पोळी म्हणून घातलेली तूप-पोळी, मुलीच्या डब्यातले उरलेले, कामवाल्या मावशींनी मायेने आणलेला शिरा. प्रत्येकाने थोडेच दिले होते. आपल्या घरात सासूबाई, दोन मुले आणि शिकवणीला येणाऱ्या पंधरा जणांचे डबे आहेत. त्यामुळे लॅब्राडोर आणायचा तर घरातल्या एकाच माणसाने मोजून खायला द्यायचे, बाकी कोणी नाही, हा नियम आधी करावा लागेल. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधले झायलिटॉल ही कोणत्याही कुत्र्याला विषासमान आहेत. मनुका प्रसादातून आणि शिऱ्यातून पोटात जातात, म्हणून त्यांची आठवण मुद्दाम करून देते.

नसबंदी झालेल्या 28 किलोच्या लॅब्राडोर मादीला दिवसाला साधारण 1200 किलोकॅलरी पुरतात, आणि 24 किलोच्या धावत्या कारवानलाही जवळपास तेवढ्याच लागतात. ताटात फरक नाही; फरक असा, की कारवान पोट भरले की तोंड फिरवतो. त्याच्या बाबतीत आपले लोक दुसरी चूक करतात. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसली पाहिजेत, ती त्याची तब्येत आहे. पण पाहुणे ‘काय हो, खायला घालत नाही का याला’ म्हणून टोचतात आणि मालक लाजेखातर त्याला जाड करतो.

आजारपणाचा तुलनात्मक विचार करता कारवान काटक आहे, यात शंका नाही. लॅब्राडोरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे सांधे वाढीच्या वयात नीट न जुळण्याचे प्रमाण बरेच आहे, कान पिकतात, त्वचेची ॲलर्जी होते, आणि उतारवयात वजनाबरोबर सांधे धरतात. खुब्यांचे क्ष-किरण चित्र मोठ्या कुत्र्याचे काढून पाहता येते, सहा आठवड्यांच्या पिल्लाचे नाही. मोठी मादी घ्या म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. परंतु ‘देशी आहे, त्याला काही होत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा शोकाच्या प्रसंगी ऐकले आहे, की आता ते ऐकले की माझा हात आपोआप लसीकरणाच्या पुस्तिकेकडे जातो. पार्वो, डिस्टेंपर, रेबीज आणि गोचिडांमुळे होणारे ताप जात पाहत नाहीत. कारवानच्या मालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट अशी, की नजरेने शिकार करणाऱ्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते आणि थायोपेंटोनसारखी भुलीची काही औषधे त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. ग्रेहाउंडमध्ये हे नीट अभ्यासले गेले आहे. म्हणून शस्त्रक्रियेआधी जातीचा उल्लेख आवर्जून करावा आणि वजनही प्रत्यक्ष काट्यावर घ्यावे.

शेतावरच्या मुक्कामाबद्दल यजमानांचे म्हणणे असे दिसते, की माणच्या माळावर कारवान शोभेल. शोभेल खरा. पण महिन्यातून दोन दिवस मिळणारा माळ उरलेल्या अठ्ठावीस दिवसांची भरपाई करीत नाही, आणि त्या दोन दिवसांत सवय नसलेला कुत्रा मोकळा सोडला तर तो पहिल्यांदा शेजारच्या मेंढपाळाच्या कळपात शिरेल. माणदेशात मेंढरू मेले तर ते केवळ पैशाने मिटत नाही. सशामागे सोडण्याचा विचार असेल, तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. गावात अजून कोण काय करते यावरून अंदाज बांधू नका. पाच फुटांची भिंत कारवान उभ्याने ओलांडतो हे मी स्वतः पाहिले आहे, तेव्हा शेताचे तारेचे कुंपण त्याला कुंपण वाटणार नाही. लॅब्राडोरला तिथे वेगळा धोका आहे, तो उन्हाचा. मार्च ते मे या काळात त्याला सकाळी आठनंतर उन्हात खेळवू नये. चेंडू फेकत राहिलात तर कोसळेपर्यंत तो धावत राहील, कारण थांबणे हे त्याच्या कामात बसत नाही. धापा वाढल्या, जीभ गर्द लाल झाली, पाय लटपटू लागले तर सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतत वारा घालावा आणि तसेच दवाखाना गाठावा. उन्हाळा आला म्हणून त्याचे केस सफाचट काढू नयेत. तो थर उन्हापासूनही बचाव करतो. शेततळे असेल तर तो दिसताक्षणी उडी मारेल. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या बुळबुळीत उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्या कुत्र्यालाही वर येता येत नाही, म्हणून तिथे मात्र त्याला बांधूनच न्यावे.

रविवारच्या पिल्लाबद्दल. भारतात 2017च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. सहकारी ते फुकट देत असतील, पण नियमामागचे कारण फुकटालाही लागू आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आई आणि भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो, ही शाळा दुसरीकडे मिळत नाही. चार वर्षांच्या मुलीच्या घरी येणाऱ्या पिल्लाने ती पूर्ण केलेली असावी. मोठी मादी घेण्याचा माझा सल्ला आपल्याला पटलाच नाही, मुलांनी पिल्लाचाच हट्ट धरला, तर निदान आणखी दोन आठवडे थांबा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा, ती परक्यांशी कशी वागते ते पाहा, नर सोडून मादी निवडा, आणि पहिले तीन महिने तिला जिन्याने चढवू-उतरवू नका. कोवळ्या वयात रोजचे जिने खुब्यांना बाधतात. आणि त्या काळात सासूबाईंच्या वावरण्याच्या वाटेवर पिल्लासाठी अडसर लावा.

राहता राहिले मामा. त्यांना नकार कळवायला संकोच वाटतो, असे आपण लिहिले आहे. त्या मादीसाठी नकार ताबडतोब कळवणे हेच हिताचे आहे, कारण दोन महिन्यांच्या पिल्लाचा जग ओळखण्याचा काळ महिना-दीड महिनाच उरलेला आहे आणि तो आपल्या होय-नाहीत वाया जाऊ नये. तिला असे घर हवे, जिथे अंगणाला उंच भिंत आहे, माणसे मोजकी आहेत आणि रोज कोणीतरी तिला धावायला नेणार आहे; मामांच्या ओळखीत अशी घरे आपल्यापेक्षा जास्त असतील. यजमानांना फारच हळहळ वाटत असेल, तर त्यांनी तिच्या लसींचा खर्च उचलावा आणि जतला गेले की तिला पळताना पाहून यावे. शिकवण्या बंद होऊन मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि माणला कायमचे राहायला गेलात, तर हाच प्रश्न मला पुन्हा विचारा. तेव्हाचे माझे उत्तर कदाचित कारवान असेल.

लॅब्राडोर मादी शोधायला लागण्याआधी दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर न सरकणाऱ्या सतरंज्या टाका, सकाळी सहाला तिला पाऊण तास कोण नेणार ते नावानिशी ठरवा, आणि ती व्यक्ती यजमान असावी, आपण नव्हे; आपल्या वाट्याला ती दिवसभर आहेच. तिच्या खाण्याचा मोजून भरलेला डबा कोणाच्या ताब्यात राहील तेही त्याच बैठकीत ठरू द्या. ती घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तिचे वजन करून तो आकडा स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.